शाळकरी मुलांचे डोळे आणि तालुक्याचा नेत्रदवाखाना

शाळकरी मुलांना कमी दिसण्यामागे बहुतेक वेळा एकच साधे कारण असते: डोळ्याला नंबर लागलेला असतो आणि चष्मा मिळालेला नसतो. या दोषाला शस्त्रक्रिया लागत नाही की महागडे औषध लागत नाही. योग्य नंबरची काच डोळ्यापुढे आली की बहुतेक मुले त्याच दिवशी फळा वाचू लागतात. तरीही अशी मुले दोन-दोन, चार-चार वर्षे वर्गात चाचपडत राहतात, कारण मूल स्वतःहून तक्रार करत नाही. मोठ्या माणसाची नजर उतरली तर पूर्वी कसे दिसत होते हे त्याला आठवते. पाच-सहा वर्षांच्या मुलाला तुलना करायला काही नसतेच. माडाची झावळी सुटी-सुटी कधी दिसलीच नसेल, तर माड असाच धूसर असतो अशी त्याची समजूत असते. विचारले तर ते 'माका बरोबर दिसता' असेच सांगणार, आणि ते खोटे बोलत नसते. त्यातून एक डोळा चांगला आणि दुसरा अधू असेल, तर घरच्यांनाही सुगावा लागत नाही. चांगला डोळा दोघांचे काम ओढत असतो.

खुणा दिसतात त्या वर्गात. मूल फळ्यावरचे उतरवून घेताना शेजारच्याच्या वहीत डोकावते, डोळे बारीक करते, मान एका बाजूला कलती करते, पुस्तक नाकाशी धरते, वाचताना ओळ सोडून खालच्या ओळीत जाते. दुपारनंतर कपाळ दुखते म्हणते. चेंडू अंगावर येईपर्यंत त्याला दिसत नाही, म्हणून खेळात कोणी घेत नाही. शुद्धलेखन कच्चे, गणितात आकडे चुकीचे उतरवलेले, लक्ष नाही, असे शेरे प्रगतिपुस्तकात पडत जातात. डोळे तपासण्याआधी 'अभ्यासात कच्चा' असा शिक्का मारणे हा त्या मुलावर अन्याय आहे, आणि तो रोज कुठल्या ना कुठल्या शाळेत होत असतो.

नंबर का लागतो हे समजायला डोळ्याची वाढ पाहावी लागते. जन्माच्या वेळी डोळ्याच्या गोळ्याची पुढून मागे लांबी साधारण १७ मिलिमीटर असते. पहिल्या दोन-तीन वर्षांत ती झपाट्याने वाढते, मग सावकाश, आणि मोठेपणी २३ ते २४ मिलिमीटरच्या आसपास थांबते. बुबुळ आणि भिंग मिळून प्रकाशकिरण वाकवतात आणि ते नेमके मागच्या पडद्यावर एकत्र यावे लागतात. लांबीत एका मिलिमीटरची गफलत झाली तर सुमारे अडीच ते तीन नंबरचा फरक पडतो. इतके बारीक गणित बहुसंख्य मुलांमध्ये आपोआप जुळून येते, हेच खरे तर आश्चर्य.

डोळा लांबला की प्रतिमा पडद्याच्या अलीकडे पडते. हा ऱ्हस्वदृष्टी दोष, म्हणजे उणे नंबर. यात जवळचे चांगले दिसते आणि लांबचे पुसट होते. उणे एक नंबरच्या मुलाला एक मीटरपर्यंतचे स्पष्ट दिसते, उणे दोनच्या मुलाला अर्ध्या मीटरपर्यंतचे, आणि उणे चारच्या मुलाला अवघे २५ सेंटिमीटरपर्यंतचे. शेवटच्या बाकावरून फळा पाच-सहा मीटरवर असतो, हे लक्षात घेतले की बाकीचे सांगायला नको.

डोळा आखूड राहिला की अधिक नंबर येतो, आणि हा प्रकार फसवा आहे. लहान मुलाच्या भिंगात जोर लावून नजर जुळवण्याची ताकद मोठ्यांच्या कितीतरी पट असते. त्या ताकदीवर ते मूल तक्त्यावरची शेवटची ओळसुद्धा वाचून दाखवते आणि तपासणीत 'नॉर्मल' ठरते. मात्र वाचायला बसले की दहा मिनिटांत थकते, डोळे चोळते, डोकेदुखीची कुरकूर करते. नजर जुळवण्याचा जोर आणि दोन्ही डोळे आत वळणे या क्रिया एकमेकींना बांधलेल्या आहेत. त्यामुळे अधिक नंबर मोठा असला तर दोन ते चार वर्षांच्या वयात एखादा डोळा नाकाकडे वळू लागतो. घरात त्याला 'चकणा' म्हणून सोडून देतात, काही जण तर ते नशिबाचे लक्षण मानतात. या प्रकारातले कित्येक तिरळे डोळे निव्वळ चष्म्याने सरळ होतात, पण वेळेवर दिला तर.

तिसरा प्रकार वाकड्या नंबरचा, ज्याला चष्म्याच्या दुकानात सिलिंडर म्हणतात. बुबुळाचा बाक चेंडूसारखा सगळीकडून सारखा न राहता अंड्यासारखा एका दिशेला जास्त असतो. मग लांबचे, जवळचे सगळेच थोडे ओढल्यागत दिसते. या नंबरच्या चिठ्ठीवर अक्षाचे अंश लिहिलेले असतात. फ्रेम वाकली किंवा काच फिरली की नंबर बरोबर असूनही चष्मा निरुपयोगी होतो, ही गोष्ट पालकांना कोणी सांगत नाही.

या सगळ्यांत घाई करायला लावणारा दोष वेगळाच आहे. पाहण्याचे काम डोळा आणि मेंदू मिळून करतात, आणि मेंदूला पाहायला शिकावे लागते. हे शिक्षण जन्मापासून सात-आठ वर्षांपर्यंत जोरात चालते. या काळात एका डोळ्याकडून सतत अस्पष्ट प्रतिमा येत राहिली, मग कारण मोठा नंबर असो, तिरळेपणा असो, जन्मजात मोतीबिंदू असो की खाली आलेली पापणी असो, तर मेंदू त्या डोळ्याकडे दुर्लक्ष करायला लागतो. डोळ्याची रचना ठीक असते, पण नजर तयार होत नाही. याला आळशी डोळा म्हणतात. सहा वर्षांच्या मुलात तो बहुधा सुधारतो. दहा-बारा वर्षांच्या मुलात प्रयत्न करता येतात, पण फळाची खात्री उरत नाही. अठराव्या वर्षी पोलीस भरतीच्या किंवा सैन्याच्या वैद्यकीय तपासणीत एक डोळा अधू असल्याचे पहिल्यांदा कळते, तेव्हा चष्म्याने त्यात फारसा फरक पडत नाही. भरतीसाठी धावण्याचा सराव करत आलेल्या मुलाला हे ऐकावे लागते, आणि एवढ्या नुकसानीचे मूळ पहिली-दुसरीत न झालेल्या तपासणीत असते.

तपासणीची सरकारी व्यवस्था कागदावर चांगली आहे आणि बऱ्याच प्रमाणात प्रत्यक्षातही आहे. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ साली सुरू झाला. सुरुवातीला भर मोतीबिंदूवर होता, पुढे शाळकरी मुलांची तपासणी आणि मोफत चष्मे त्यात आले. २०१७ मध्ये कार्यक्रमाच्या नावात अंधत्वाबरोबर दृष्टिदोषाचाही समावेश झाला. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातच, पालघर येथे झाली. त्यात जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते. पथकात एक पुरुष व एक महिला असे दोन आयुष डॉक्टर, एक परिचारिका आणि एक औषधनिर्माता असतात. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा ते यावेत, अशी योजना आहे.

कणकवली तालुक्यात हे पथक कुठे कुठे जाते ते पाहिले की कामाचा आवाका कळतो. मुंबई-गोवा महामार्ग आणि कोकण रेल्वे या दोन्हींवर असलेले कणकवली हे सिंधुदुर्ग जिल्ह्याचे मोठे बाजारगाव. जिल्हा १ मे १९८१ रोजी रत्नागिरीपासून वेगळा झाला आणि मुख्यालय ओरोसला गेले, तरी वैभववाडी, देवगडकडची माणसे दवाखान्यासाठी आजही कणकवली गाठतात. तालुका मात्र उत्तरेला खारेपाटणपर्यंत आणि पूर्वेला सह्याद्रीच्या पायथ्याशी फोंडाघाट, कनेडी, दारिस्तेपर्यंत पसरलेला. गाव म्हणजे एकमेकींपासून दूर असलेल्या वाड्या. जिल्हा परिषदेच्या कित्येक शाळांत पट वीसच्या आत. पथकाची गाडी एका दिवसात दोन-तीन शाळा करते, आणि त्या दिवशी ताप, लग्न किंवा भातलावणीमुळे घरी राहिलेले मूल पुढच्या वर्षापर्यंत सुटते.

शाळेतली तपासणी दिसायला सोपी असते. पडवीत भिंतीला तक्ता टांगतात आणि सहा मीटर अंतर मोजून खडूने रेघ मारतात. उट्रेख्टचे डच नेत्रवैद्य हेर्मान स्नेलेन यांनी १८६२ साली तयार केलेल्या तक्त्याचेच हे रूप. अक्षरओळख नसलेल्या मुलांसाठी त्यावर इंग्रजी 'ई' वेगवेगळ्या दिशांना तोंड केलेली असते. तिचे तीन पाय ज्या बाजूला, त्या बाजूला मुलाने बोटे दाखवायची. सर्वांत वरचे अक्षर साधारण ८७ मिलिमीटर उंचीचे असते आणि ६/६ च्या ओळीतले जेमतेम ९ मिलिमीटर. ६/१२ याचा अर्थ, निरोगी डोळ्याला जे १२ मीटरवरून वाचता येते ते या मुलाला ६ मीटरवरून वाचावे लागते. कोणत्याही एका डोळ्याने ६/९ ची ओळ जमली नाही तर मुलाला पुढे पाठवायचे.

चुका होतात त्या छोट्या छोट्या गोष्टींत. डोळा बोटांनी झाकला तर मूल फटीतून पाहते. तळहात दाबून धरला तर हात काढल्यावर तोच डोळा काही क्षण धूसर पाहतो. रांगेत उभ्या असलेल्या मुलांनी पुढच्यांची उत्तरे ऐकून पाठ केलेली असतात. पावसाळ्यात खिडक्या लावलेल्या, चिऱ्याच्या भिंतींच्या वर्गात तक्त्यावर पुरेसा उजेडच नसतो. मूल डोळे बारीक करून वाचत असेल तर ते वाचन धरायचे नसते, कारण पापण्यांच्या फटीतून पाहिले की नंबर असलेल्या डोळ्यालाही तात्पुरते स्पष्ट दिसते. तपासणारा दिवसभरात दीडशे मुले उरकत असेल तर हे सगळे निसटते. म्हणून वर्गशिक्षकांनी वर्षाच्या सुरुवातीला आपल्या पंधरा-वीस मुलांची निवांतपणे, एकेक डोळा कागदाच्या पुठ्ठ्याने झाकून, प्राथमिक चाचणी घ्यावी. लहान पटाच्या शाळेला हे सहज शक्य आहे, आणि मोठ्या शहरी शाळांपेक्षा तिथे ती अधिक चांगली होईल.

पथकाने संदर्भ चिठ्ठी दिली की मुलाला प्राथमिक आरोग्य केंद्रातून किंवा थेट कणकवलीच्या उपजिल्हा रुग्णालयात न्यायचे असते. साखळी तुटते ती इथे. वाडीवरून एसटीच्या ठरावीक फेऱ्या, त्यात आई किंवा बाबा यांची एक दिवसाची मजुरी बुडणार. अनेक घरांत आई-वडील मुंबईला नोकरीला आणि मुले आजी-आजोबांकडे. 'गणपतीला बाबा येतील तेव्हा बघू' असे ठरते. गणपतीचे दिवस धावपळीत जातात, मग दिवाळी, मग परीक्षा. चिठ्ठी दप्तरातच राहते. वाईट हेतू कोणाचाच नसतो, पण मुलाचे एक वर्ष जाते, आणि आळशी डोळ्याच्या हिशेबात ते वर्ष परत मिळत नाही.

दवाखान्यातली तपासणी शाळेतल्यापेक्षा पूर्णपणे वेगळी असते. नेत्रचिकित्सा अधिकारी किंवा नेत्रतज्ज्ञ आधी नुसते पाहतात: मूल कसे चालत आले, मान कशी धरते, दोन्ही बाहुल्यांवर टॉर्चचा ठिपका सारख्या जागी पडतो का. मग एक-एक डोळा आळीपाळीने झाकून तिरळेपणा तपासतात. बाहुलीतून परतणारा तांबूस प्रकाश दोन्ही डोळ्यांत सारखा आहे का, हेही पाहतात. यानंतर मुलाच्या भिंगाचा तो लपवाछपवीचा जोर सैल करण्यासाठी डोळ्यांत औषध घालावे लागते. लहान मुलांना, विशेषतः तिरळेपणा असल्यास, अॅट्रोपिनचे मलम तीन दिवस घरी लावायला देतात. मोठ्या मुलांना सायक्लोपेंटोलेटसारखे थेंब दवाखान्यातच घालतात आणि पाऊण तासात काम होते. थेंबांचा परिणाम बहुधा एका दिवसात उतरतो, अॅट्रोपिनचा दहा-पंधरा दिवस रेंगाळू शकतो. तेवढे दिवस उन्हात डोळे दिपतात आणि जवळचे वाचता येत नाही. हे आधी सांगितले नाही तर 'दवाखान्यात नेले आणि पोराला दिसेनासे झाले' अशी बोंब वाडीभर होते. अॅट्रोपिन लावल्यावर ताप आला किंवा चेहरा लालबुंद झाला तर मलम थांबवून डॉक्टरांना कळवायचे, आणि ट्यूब लहान भावंडांच्या हाती लागू द्यायची नाही. दिवाळीची किंवा मे महिन्याची सुट्टी या तपासणीला सर्वांत सोयीची.

औषधाने बाहुली रुंदावली की अंधाऱ्या खोलीत रेटिनोस्कोप घेऊन तपासणी होते. तपासणारा मुलापासून हातभर अंतरावर, साधारण ६६ सेंटिमीटरवर बसतो आणि प्रकाशाची एक पट्टी बाहुलीवरून आडवी, उभी फिरवतो. आतून परतणारी चमक पट्टीच्या बरोबर सरकते की उलट, हे पाहत ट्रायल बॉक्समधली एकेक काच डोळ्यापुढे धरतो. एका काचेला चमकेची हालचाल थांबते आणि सगळी बाहुली एकदम उजळते. त्या काचेतून बसण्याच्या अंतराचा दीड नंबर वजा केला की डोळ्याचा नंबर मिळतो. या सगळ्यात मुलाला एक शब्दही बोलावा लागत नाही. न बोलणाऱ्या तान्ह्या बाळाचा, मतिमंद मुलाचा, लाजाळू मुलीचा नंबर याच पद्धतीने अचूक काढता येतो. बाजारपेठेतल्या दुकानात यंत्रावर 'कॉम्प्युटरने' मिनिटभरात नंबर निघतो. मोठ्या माणसासाठी ते सुरुवातीला ठीक. औषध न घालता मुलाला यंत्रात पाहायला लावले की ते भिंगाचा जोर लावते आणि नसलेला उणे नंबर छापून येतो. मुलाचा पहिला चष्मा केवळ यंत्राच्या चिठ्ठीवर कधीही करू नये.

चष्मा मिळणे आणि चष्मा वापरला जाणे यांत मोठे अंतर आहे. मेक्सिकोतील ओआहाका राज्यात शाळकरी मुलांना मोफत चष्मे वाटल्यानंतर दीड वर्षाच्या आत संशोधकांनी पूर्वसूचना न देता शाळांत जाऊन पाहिले, तेव्हा सुमारे १३ टक्के मुलांच्याच डोळ्यांवर चष्मा होता. २००६ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. कोकणातली कारणेही याच जातीची: वर्गात चिडवतात, फ्रेम नाकावरून घसरते, काडी मोडली आणि दुरुस्तीला कणकवलीला जायचे राहिले, किंवा आजीच म्हणते की एवढ्या लहान वयात चष्मा नको, सवय लागेल. मुलीच्या बाबतीत तिच्या लग्नाची चिंता सहाव्या वर्षापासून केली जाते आणि चष्मा फक्त शाळेपुरता, पाहुण्यांसमोर नाही, असा दंडक घातला जातो. या चिंतेपोटी मुलीची नजर पणाला लावणे हे कोणत्याही सबबीखाली समर्थनीय नाही.

चष्म्याने नंबर वाढतो हा समज तर सार्वत्रिक आहे. चष्मा लावल्यावरही नंबर वाढतो, कारण मुलाची उंची वाढते तसा डोळाही वाढत असतो. मलेशियात मुद्दाम थोडा कमी नंबर देऊन मुलांवर चाचणी झाली. २००२ मध्ये तिचे निष्कर्ष आले. कमी नंबर दिलेल्या मुलांचा दोष पूर्ण नंबर दिलेल्यांपेक्षा जास्त वाढला. म्हणून मुलाला पूर्ण नंबर द्यावा आणि दर सहा महिने ते वर्षाने पुन्हा तपासावा. काचेऐवजी न फुटणारी पॉलिकार्बोनेटची भिंगे असावीत, फ्रेम मुलाच्या नाकाच्या मापाची असावी, आणि ती निवडताना मुलाचे ऐकावे. स्वतः निवडलेला चष्मा मुले जास्त वापरतात.

आळशी डोळ्याला चष्म्याबरोबर पट्टी लागते. चांगला डोळा झाकून अधू डोळ्याला काम करायला लावायचे, एवढेच त्यामागचे तत्त्व. दोष मध्यम असेल तर दिवसाला दोन तास पुरतात, तीव्र असेल तर सहा तास. पट्टी चष्म्याच्या काचेवर न लावता थेट कातडीवर लावायची, नाहीतर मूल कडेने पाहते. पट्टीच्या वेळात चित्र रंगवणे, तांदूळ निवडणे, अबोलीची फुले ओवणे असे नजर रोवून करायचे काम द्यावे. पहिल्या आठवड्यात मूल रडते, पट्टी ओढून काढते, आणि ते साहजिक आहे, कारण त्याला खरोखरच कमी दिसत असते. दर दीड-दोन महिन्यांनी तपासणीला न्यावे लागते, आणि इथे घराजवळच्या दवाखान्याला पर्याय नाही. मुंबईला किंवा गोव्याला दर दोन महिन्यांनी जाणे कोणाला परवडणार? कणकवलीत ते जमते.

उणे नंबरची मुले सगळीकडे वाढत आहेत. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या दोन पाहण्यांत दिल्लीतील मुलांमध्ये हे प्रमाण ७.४ टक्के आणि आंध्र प्रदेशातील, आता तेलंगणात असलेल्या ग्रामीण महबूबनगरमध्ये ४.१ टक्के आढळले होते. २०१५ मध्ये आलेल्या दिल्लीतील शाळांच्या पाहणीत ते १३.१ टक्के निघाले. पाहण्यांच्या पद्धती वेगवेगळ्या होत्या, तरी कल स्पष्ट आहे. खेड्यात प्रमाण कमी असते, पण कोकणातले खेडेही आता बदलले आहे. २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा रेंज मिळवण्यासाठी मुले डोंगरावर चढून बसत होती. नंतर शाळा उघडल्या, मोबाइल मात्र हातात राहिला.

यावरचा सर्वांत स्वस्त उपाय उघड्यावर खेळणे हा आहे आणि त्याला भक्कम आधार आहे. चीनमधील ग्वांगझोऊ येथे बारा शाळांत पहिलीच्या मुलांवर तीन वर्षे प्रयोग झाला. निम्म्या शाळांनी रोज ४० मिनिटांचा जादा तास उघड्यावर घेतला. त्या मुलांपैकी ३०.४ टक्क्यांना उणे नंबर लागला, इतर शाळांत ३९.५ टक्क्यांना. तैवानने २०१० पासून मुलांनी दिवसाला १२० मिनिटे बाहेर राहावे अशी मोहीमच चालवली. दिवसाच्या तेजस्वी उजेडात डोळ्याच्या पडद्यात डोपामीन स्रवते आणि ते डोळ्याची लांबी वाढणे आवरते, असे मानले जाते. त्यासाठी कडक ऊन लागत नाही. आंब्याच्या सावलीतला किंवा ढगाळ दिवसाचा उजेडही वर्गातल्या उजेडाच्या कितीतरी पट असतो. सिंधुदुर्गात पावसाळ्यात मुले दिवसचे दिवस घरात अडकतात, तेव्हा उघडीप मिळाली की त्यांना बाहेर सोडावे. शाळेतला खेळाचा तास गणिताच्या जादा तासासाठी कापणे डोळ्यांच्या दृष्टीने तोट्याचे आहे. नंबर वेगाने वाढत असेल तर अत्यंत सौम्य अॅट्रोपिनचे थेंब डॉक्टर रात्री घालायला देतात. नंबर उणे सहाच्या पुढे गेला तर पुढील आयुष्यात पडदा सुटण्याचा धोका वाढतो, म्हणून ही खटपट.

नंबराखेरीजचे आजारही तालुक्याच्या दवाखान्यात रोज येतात. उन्हाळ्यात डोळ्यांना खाज सुटणारी अॅलर्जी मुलग्यांत जास्त आढळते. औषधाच्या दुकानातून आणलेल्या स्टेरॉइडच्या थेंबांनी तिला झटकन आराम पडतो, आणि म्हणून तीच बाटली महिनोन्महिने चालते. त्यातून डोळ्याचा दाब गुपचूप वाढतो, काचबिंदू आणि मोतीबिंदूही होतो. सतत चोळण्याने बुबुळ पातळ होऊन पुढे येते. जुलै २०२३ मध्ये आळंदीपासून सुरुवात होऊन राज्यभर डोळे येण्याची साथ पसरली, तेव्हाही अशा थेंबांचा मुक्त वापर झाला. साधे डोळे येणे आठवड्या-दोन आठवड्यांत आपोआप बरे होते. नजर धूसर झाली किंवा उजेड सहन होईना, तर डॉक्टरांना दाखवावे.

दुखापतींना मात्र क्षणाचाही उशीर नको. विटी-दांडूची विटी, गलोलीचा खडा, शिमग्याचा रंग, दिवाळीतला फटाका, आणि पानाच्या चुन्याची पुडी. मूल पुडी दाबून खेळते आणि ती फुटून चुना थेट डोळ्यात उडतो. चुना बुबुळ भाजत आत शिरतो, म्हणून जवळ असेल त्या स्वच्छ पाण्याने पंधरा-वीस मिनिटे डोळा धूत राहायचे आणि मगच गाडी शोधायची. भाताचे पाते किंवा गवताची काडी डोळ्याला लागली तर बुबुळावर बुरशीची जखम होऊ शकते. त्यात एरंडेल, मध किंवा आईचे दूध घालणे अपायकारक ठरते.

रातांधळेपणा पूर्वीपेक्षा बराच कमी झाला आहे. नऊ महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत अ जीवनसत्त्वाचे नऊ डोस लसीकरणात दिले जातात. शेवग्याचा पाला, तांबडा माठ, पपई, पिकलेला आंबा ही त्याला घरची जोड. जन्मजात मोतीबिंदूचे एक कारण गरोदरपणी आईला झालेला रुबेला. महाराष्ट्रात २७ नोव्हेंबर २०१८ पासून गोवर-रुबेला लसीची मोहीम झाली, तिचा लाभ पुढच्या पिढीच्या डोळ्यांना होणार आहे. बाळाच्या बाहुलीत पांढरी चमक दिसली, मग ती मोबाइलच्या फोटोत का असेना, तर दुसऱ्याच दिवशी दवाखाना गाठावा. तो मोतीबिंदू असू शकतो किंवा पडद्याचा कर्करोगही, आणि दोन्हींत आठवडे मोजले जातात.

अशा मुलांची शस्त्रक्रिया संपूर्ण भूल देऊन करावी लागते, म्हणून ती प्रत्येक तालुक्याला होत नाही. कणकवलीतून मुलांना ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात, गोव्यात बांबोळीला, घाट चढून कोल्हापूरला किंवा मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात पाठवले जाते. शस्त्रक्रियेनंतरचा चष्मा, पट्टी आणि फेरतपासणी पुन्हा गावाजवळच व्हायला हवी. ती झाली नाही तर उत्तम शस्त्रक्रियाही वाया जाते. उपचारानंतरही ज्यांची नजर अधू राहते त्यांना मोठे करून दाखवणारी भिंगे, पुढचा बाक आणि ठळक छपाई देता येते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार प्रमाणपत्र मिळाल्यास परीक्षेत लेखनिक आणि जादा वेळही मिळतो.

कणकवलीत नेत्रदवाखान्यांची उणीव ही मोठी अडचण नाही. अडचण आहे ती चिठ्ठी मिळाल्यापासून दवाखान्याच्या दारापर्यंतच्या अंतराची. ग्रामपंचायतीने वर्षातून दोनदा एक गाडी करून चिठ्ठी मिळालेली सगळी मुले एकत्र नेली, आशाताईंनी चष्मा न लावणाऱ्या मुलांची नावे टिपून ठेवली आणि शाळेने गैरहजर राहिलेल्यांची यादी पथकाला दिली, तर नवी इमारत किंवा नवे यंत्र न आणताही बरेच काम होईल. पालकांनी मूल तीन-चार वर्षांचे असताना एकदा, पहिलीत नाव घालण्याआधीच्या मे महिन्यात पुन्हा एकदा, आणि घरात कोणाला मोठा नंबर किंवा तिरळेपणा असेल तर त्याहून लवकर, मुलाचे दोन्ही डोळे वेगवेगळे तपासून घ्यावेत. उपजिल्हा रुग्णालयात त्यासाठी शाळेच्या चिठ्ठीची वाट पाहावी लागत नाही. केसपेपर काढून मुलाला थेट दाखवता येते.